शिक्का मोडण्याची पद्धत

एकतीस वर्षं मी क्रेन चालवायला शिकवणाऱ्या एका संस्थेत कारकून होतो. त्या एकतीस वर्षांत माझ्या हातून कागदाची एकही चूक झाली नाही, असं मी सांगत फिरायचो. कोणी विचारायची वाटही बघायचो नाही. बायको म्हणायची, "लोक तुम्हाला लांबून बघून रस्ता ओलांडतात, ते काय उगाच?" मी म्हणायचो, ओलांडू देत. ज्यांच्या फायली नीट लागलेल्या नसतात त्यांना माझी भीती वाटायचीच.

म्हणून धाकट्या बहिणीचा सकाळी सव्वासातला फोन आला तेव्हा मला बरंच वाटलं, हे आधी कबूल करतो. "दादा, नव्या साइटच्या गेटवर अडवलंय. दाखल्याचं काहीतरी आहे. येतोस का?" दाखल्याचं म्हटल्यावर मी न जाऊन कसं चालेल? रिटायर होऊन पाच महिने झाले होते. घरातल्या औषधांच्या चिठ्ठ्यासुद्धा तारखेनुसार टाचून झाल्या होत्या आणि आता टाचण्यासारखं काही उरलं नव्हतं.

बहीण टॉवर क्रेन चालवते. चालवायची म्हणायला हवं, पण जिभेला अजून सवय नाही. घरात आणि साइटवर, सगळीकडे तिला क्रेनवालीच म्हणतात. वय बावन्न. तिसाव्या वर्षी नवरा गेला, पदरात लहान मुलगी, तेव्हा मीच तिला आमच्या संस्थेत आणलं. बाईमाणूस साठ मीटर शिडी चढणार आणि वर जाऊन चक्कर येऊन पडणार, असं मास्तर पहिल्याच दिवशी वर्गात म्हणाले. सहा महिन्यांनी परीक्षेत तिने पाण्याने काठोकाठ भरलेलं पिंप हुकाला लावलं, मैदानभर फिरवलं आणि चुन्याने आखलेल्या चौकोनात नेऊन ठेवलं. पाणी सांडलं नाही. मास्तर चहा प्यायला निघून गेले.

मी पोचलो तेव्हा ती गेटच्या बाजूला उभी होती. एका हातात डबा, काखेत केबिनमधल्या खुर्चीवर टाकायची तिची चपटी उशी. गेटवरचा सुपरवायझर भला माणूस होता. "काका, माझ्या हातात काही नाही, तुम्हीच बघा," म्हणत त्याने तपासणीचं यंत्र माझ्यापुढे धरलं. बहिणीच्या फोनमधले सगळे दाखले त्यावर एकाखाली एक आले होते. ओळख, हिरवी. डोळे, कान, रक्तदाब, हिरवे. वेगवेगळ्या कंपन्यांनी दिलेले कामाच्या तासांचे दाखले, एकूण अकरा हजार तास, सगळे हिरवे. आणि तळाशी ज्याच्यावर हे सगळं उभं असतं तो मूळ चालक दाखला, लाल.

"म्हणजे ताईंनी अकरा हजार तास क्रेन चालवली हे मशीनला मान्य आहे," सुपरवायझर म्हणाला, "त्या क्रेन चालवायला शिकल्यात एवढं फक्त मान्य नाही." तो हसला. बहीणही हसली. मी लाल चौकटीतल्या बारीक ओळी वाचत होतो. सही जुळते. देणाऱ्याची किल्ली रद्द. दाखला अवैध.

देणारी संस्था म्हणजे आमची, आणि किल्ली मीच रद्द केली होती.

"काय रे, काय लिहिलंय?" बहिणीने विचारलं.

"काही नाही. मशीनचा घोळ असेल. बघतो मी," मी म्हणालो.

आता हे प्रकरण काय आहे ते सांगतो. ते न कळता मला शिव्या घातल्यात तर त्या नेमक्या जागी लागणार नाहीत.

सात वर्षांपूर्वी खोट्या दाखल्यांचा सुळसुळाट झाला होता. कोणीही उठायचा, दुसऱ्याच्या दाखल्यावर आपला फोटो चिकटवून झेरॉक्स काढायचा आणि क्रेनवर चढायचा. शेवटी क्रेन सुरक्षा मंडळाने कागद बंद केले. आम्हाला शिकवायला एक मुलगी आली, पोनीटेल हलवत भराभरा बोलणारी. मी तिला पोनीवाली म्हणायचो. तिने फळ्यावर तीन चौकोन काढले. दाखला देणारा, दाखला बाळगणारा आणि तपासणारा. देणाऱ्याकडे दोन किल्ल्या असतात, ती म्हणाली. एक गुप्त, तिने दाखल्यावर सही करायची. दुसरी उघड, ती सगळ्यांना दिसेल अशी एका सामायिक वहीत नोंदवून ठेवायची. ही वही हजारो कॉम्प्युटरवर एकसारखी असते. तिला मालक नाही, तिच्यातलं पान फाडता येत नाही, खोडता येत नाही, फक्त पुढे लिहिता येतं. दाखला मात्र वहीत जात नाही, तो ज्याचा त्याच्या फोनमध्ये राहतो. गेटवरचा माणूस दाखला बघतो, वहीतली उघड किल्ली लावून सही जुळवतो, की झालं. संस्थेला पत्र नाही, फोन नाही, साहेब जेवायला गेलेत नाही.

"मग मध्ये कोण असतं?" मी विचारलं.

"कोणीच नाही, काका! तेच तर!" पोनीवाली इतकी खूश होऊन म्हणाली की मीही खूश झालो. तोवर चोवीस वर्षं मीच मध्ये होतो. 'हा दाखला आपलाच आहे काय' अशा पत्रांना 'होय, आपलाच आहे' अशी उत्तरं लिहून माझं मनगट धरायचं.

जुन्या रजिस्टरांतून मी हयात चालकांची माहिती स्वतः टाइप केली, शेवटच्या बॅचपर्यंत धरून एकूण चारशे बारा, आणि एकेकाचा दाखला त्या गुप्त किल्लीने सही करून पाठवला. किल्ली म्हणजे अंगठ्याएवढं एक यंत्र, तिजोरीत ठेवायचं. चाचणी म्हणून सगळ्यात पहिला दाखला बहिणीचा काढला. तिने फोनमध्ये बघितला आणि म्हणाली, "सुटले बाई. आता दर साइटला तुझ्यामागे पळायला नको." नंतर संचालकांच्या हुकमाने जुनी रजिस्टरं लगद्यात गेली. आता कशाला धूळ सांभाळायची, असं ते म्हणाले, आणि मी त्यावर 'वाचले' अशी सही केली.

पुढे विद्यार्थी आटले आणि संस्था बंद करायचं ठरलं. माझी निवृत्तीही त्याच दिवशी. आता, कचेरी बंद करायची एक पद्धत असते. सगळे शिक्के दोन साक्षीदारांसमोर आडवे-उभे कापायचे. कापलेल्या शिक्क्याचा ठसा पंचनाम्यावर उमटवायचा, खाली तिघांच्या सह्या. उद्या तो शिक्का कोणाच्या हाती लागून भलत्या कागदावर बसू नये म्हणून हे करतात. आधी ज्या कागदांवर तो उमटलाय त्यांना काही होत नाही. उलट शिक्का मोडला की जुने कागद अधिकच पक्के होतात, कारण आता तसा नवा कोणी बनवू शकत नाही. संचालक बदलले तेव्हा तीनदा मी हे केलं होतं. शिक्का मोडावा तर माझ्यासारखा, असं आमचे मोठे साहेब म्हणायचे.

त्या दिवशी चार रबरी शिक्के कापले. उरली किल्ली. ती कॉम्प्युटरला जोडली तर पडद्यावर दोन पर्याय आले. किल्ली निवृत्त करा. किल्ली रद्द करा. खाली बारीक अक्षरांत चार ओळी होत्या. बारीक अक्षरं आधी वाचणारा माणूस अशी माझी ख्याती. पण शिक्का कसा मोडायचा हे मला यंत्राने शिकवायची काय गरज? मी साक्षीदारांना म्हणालो, "निवृत्त नको. निवृत्त माणूस काय, रोज कचेरीत चहा प्यायला येतो." साक्षीदार हसले. मी रद्द करा दाबलं. पडदा म्हणाला, हे परत फिरवता येणार नाही, खात्री आहे का? मला आयुष्यात इतकी खात्री कधीच नव्हती. मग किल्ली शिपायाच्या स्टुलावर ठेवून तिचा हातोडीने चुरा केला आणि तो पाकिटात भरून पंचनाम्याला जोडला.

गेटवरून घरी आलो तो सरळ कपाटातून पोनीवालीने दिलेली पुस्तिका काढली. चार ओळी तिच्यातही होत्या. निवृत्त केल्यास नवे दाखले निघणार नाहीत, आधीचे वैध राहतील. किल्ली चोरीस गेल्यास वा तिच्यावर भरवसा न उरल्यास ती रद्द करावी. रद्द किल्लीने सही केलेले सर्व दाखले अवैध ठरतील. हा निर्णय बदलत नाही.

बायको दारात उभी होती. तिला मी सगळं सांगितलं. तिने पुस्तिका हातात घेऊन त्या चार ओळी वाचल्या. मग म्हणाली, "आजच तिला सांगा. उद्या सांगाल तर दोन गोष्टी सांगाव्या लागतील."

मी सांगितलं नाही. आधी दुरुस्त करतो आणि मग सांगतो, असं मनाशी ठरवलं. हे मी धीराने ठरवलं नाही, घाबरून ठरवलं.

पुढचे तीन आठवडे आम्ही दोघं दारोदार फिरलो. फोनमधलं दाखल्यांचं पाकीट बनवणाऱ्या कंपनीचा माणूस म्हणाला, "आम्ही फक्त पाकीट देतो. आत काय ठेवायचं ते तुमचं." गेटवरची यंत्रं बनवणारे म्हणाले, "यंत्र मंडळाचे नियम लावतं, नियम आमचे नाहीत." दुसरी एक प्रशिक्षण संस्था होती, काचेच्या इमारतीत, पडद्यावर खोटी क्रेन चालवून शिकवणारी. तिथला प्रवेश पंचेचाळीस वर्षांपर्यंत. त्यापुढे प्रवेश हवा तर आधीचा चालक दाखला दाखवायचा. "तोच तर नाहीये हो," बहीण म्हणाली. काउंटरवरची मुलगी खरोखर हळहळली आणि पुढच्या माणसाकडे वळली. कोणी आमच्यावर खेकसलं नाही, कोणी चहापाण्याला मागितलं नाही. सगळी माणसं आपापल्या जागी बरोबर होती. आयुष्यात इतकी बरोबर माणसं मला एका महिन्यात भेटली नव्हती.

मी मात्र प्रत्येक ठिकाणी तावातावाने बोलायचो. ही कसली व्यवस्था, माणूस बघत नाही, अनुभव बघत नाही, असं टेबलावर बोट आपटून सांगायचो. आणि बाहेर आल्यावर बहीण मला समजवायची. "दादा, किती त्रास करून घेतोस? रंग बघ चेहऱ्याचा. तुझी संस्था बंद पडली त्यात तुझा काय दोष?" एकदा तर तिने माझ्यासाठी दुकानातून पाण्याची बाटली आणली, झाकण उघडून हातात दिली. ते पाणी मी प्यायलो. मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती.

साइटवर तिच्या जागी दुसरा चालक चढला. सुपरवायझरने दया येऊन तिला गेटजवळच्या खोलीत काम दिलं, आत जाणाऱ्यांना हेल्मेट आणि कमरेचे पट्टे द्यायचं. "तात्पुरतं," असं तो म्हणाला, आणि तीही म्हणाली, "तात्पुरतंच." मी डबा द्यायच्या निमित्ताने दोनदा गेलो. पट्टा देता देता तिची मान वर जायची. "झोका देतोय बघ," ती पुटपुटायची. "हूक थांबू द्यायचा आधी, मग उतरवायचा. घाई कशाची आहे त्याला?" मग समोरचा माणूस "ताई, पट्टा" म्हणायचा आणि ती मान खाली घालायची.

शेवटी उरलं मंडळ. तिथे भेटीची वेळ मिळायला अकरा दिवस लागले. तिसऱ्या मजल्यावरची खोली, भिंतीला लागून लोखंडी बाक, खिडकीत एक सुकत चाललेलं रोपटं. अधिकारी बाई माझ्या मुलीच्या वयाची होती. तिने आम्हाला बसवलं आणि सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मध्ये एकदाही फोन बघितला नाही. मग आम्हाला दिसावा म्हणून पडदा वळवला आणि ती सामायिक वही उघडली.

"इथे बघा. किल्ली निवृत्त नाही, रद्द झालीय. म्हणून सगळेच दाखले गेले."

"पण माझा तर सात वर्षांपूर्वीचा आहे," बहीण म्हणाली. "तेव्हा किल्ली चांगलीच होती ना?"

"ताई, दाखल्यावरची तारीख कोण घालतं? ज्याच्याकडे किल्ली तोच. समजा किल्ली चोराने नेली. तो आज सही करून सात वर्षांपूर्वीची तारीख टाकू शकतो. खरी जुनी सही कुठली आणि चोराची कुठली, हे गेटवरच्या यंत्राला कसं कळणार? म्हणून एकदा रद्द म्हटलं की एकही सही धरायची नाही, असा नियम आहे."

मी मान डोलावली. खरं सांगायचं तर नियम चोख होता. मी बसून लिहिला असता तर असाच लिहिला असता.

"पण चोरी झालीच नव्हती," बहीण म्हणाली.

"मग रद्द कोणी केली?" अधिकारी बाईने पडदा खाली सरकवला. "नोंद आहे इथे. संस्था बंद झाली त्याच दिवशी, सकाळी अकरा चाळीस. बाहेरच्या कोणी नाही केलेली. त्याच किल्लीने स्वतःला रद्द केलंय. ही किल्ली कोणाकडे असायची?"

बहीण माझ्याकडे वळली. "कोणाकडे असायची रे, दादा? संचालकांकडे ना?"

संचालक जाऊन दोन महिने झाले होते. ते काही येऊन नाही म्हणणार नव्हते. बहिणीने वाट मोकळी करून दिली होती, मला फक्त हो म्हणायचं होतं. पण भलत्याचं नाव सांगायचं म्हणजे नोंद खोटी करायची, आणि ते मला आयुष्यात जमलेलं नाही. यात मोठेपणा काही नव्हता, निव्वळ सवय.

"माझ्याकडे," मी म्हणालो. "मीच केली रद्द."

खोलीत बाहेरच्या लिफ्टचा आवाज येत होता. अधिकारी बाईने पडदा हळूच आपल्याकडे वळवून घेतला. बहीण माझ्याकडे बघत राहिली. अजून तिला नीट समजलं नव्हतं, किंवा समजून घ्यायचं नव्हतं.

"दुसरी किल्ली बनवून पुन्हा सह्या करता येतील का?" मी विचारलं. मला उत्तर माहीत होतं. तरी बहिणीसमोर काहीतरी विचारायला हवं होतं.

"संस्था चालू असती तर आली असती बनवता. बंद संस्थेच्या नावावर नवी किल्ली नोंदवता येत नाही."

"मग मंडळाने द्यावा दाखला."

"काका, मंडळ दाखले देत नाही. कोण देऊ शकतं, त्याची फक्त यादी ठेवतं. रद्द झालेली नोंद परत फिरवायची म्हणाल तर ती वही आमच्या ताब्यात नाही. कोणाच्याच नाही." तिने कोरा कागद पुढे सरकवला. "अर्ज द्या हवं तर. मी घेते. पण पुढे कोणाकडे पाठवायचा ते मलाही माहीत नाही, हे खरं सांगते."

मी अर्ज लिहिला. विषय, संदर्भ, महोदया, सगळं जागच्या जागी. बहीण तोवर खिडकीतल्या रोपट्याकडे बघत होती.

जिन्यात दुसऱ्या मजल्यावर ती थांबली. "तुला गेटवरच कळलं होतं?"

"हो."

"पहिल्याच दिवशी?"

"हो."

"आणि एवढे दिवस माझ्याबरोबर फिरलास. लोकांवर ओरडलास."

वरून माणसं उतरत होती, मी कठड्याकडे सरून त्यांना वाट दिली.

"खाली लिहिलेलं वाचलं नव्हतंस?"

"नव्हतं वाचलं. मला वाटलं, शिक्का मोडतात तसंच असेल."

ती मोठ्याने ओरडली असती, माझ्या थोबाडीत मारली असती तरी मी उभा राहिलो असतो. ती कठड्याला धरून उभी राहिली आणि तिचा श्वास तेवढा ऐकू येत होता. साठ मीटर चढूनही तिला कधी धाप लागलेली मी बघितली नव्हती.

"माझं जाऊ दे," थोड्या वेळाने ती म्हणाली. "बाकी किती आहेत?"

तो आकडा मला झोपेतही आला असता. "चारशे अकरा."

ती जिन्याच्या पायरीवरच बसली. माणसं तिला वळसा घालून खाली-वर करत होती. चारशे अकरांतले निम्मे तिच्या ओळखीचे. कोणाला तिने पहिल्यांदा शिडी चढताना धीर दिला होता, कोणाच्या लग्नाला गेली होती, कोणाबरोबर वॉकी-टॉकीवर भांडली होती. "त्यांना माहीत आहे?" तिने विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली. कामावर असेपर्यंत मूळ दाखला कोणी बघत नाही, फक्त रोजची हजेरी बघतात. नव्या साइटच्या गेटवर गेल्यावरच कळणार.

"उद्या तुझी फोन नंबरांची वही घेऊन ये," ती उठत म्हणाली. "सगळ्यांचे नंबर असतील तुझ्याकडे. एकेकाला फोन करायचा. तू करायचास."

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली नाही. तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्ही समोरासमोर बसलो. क्रेनचालक जेवायला खाली उतरत नाहीत, उतरून परत चढायलाच सुट्टी संपते. म्हणून एक वाजता फोन लावायला सुरुवात केली, सगळे वर मोकळे सापडतात. फोन स्पीकरवर. माझी वही मधोमध. नाव, बॅच, नंबर, माझ्या सुवाच्य अक्षरात. प्रत्येकाला मी तेच सांगत होतो. मी अमुक संस्थेचा कारकून, माझ्या हातून किल्ली रद्द झाली, तुमचा दाखला अवैध झालाय. पहिल्या फोनला वाक्य मध्ये तुटलं. पाचव्यापर्यंत न तुटता येऊ लागलं, आणि ते जास्त वाईट वाटलं.

एकाच्या घरी बायकोने उचलला. नवरा जाऊन वर्ष झालं होतं. "मग आता काय फरक पडतो?" असं म्हणून तिने ठेवला. एक जण महिन्याभरापासून घरी बसून होता. आपलाच फोन बिघडला असं समजून तीनदा पाकीट पुसून नव्याने भरून बसला होता. एकाने मला आईबहिणीवरून शिव्या घातल्या. बहिणीने त्याला थांबवलं नाही. तिने फक्त वहीत त्याच्या नावापुढे बरोबरची खूण केली.

अकरावा फोन तिच्याच बॅचमधल्या लांब्याला लागला. मागे वारा घोंघावत होता.

"बोला कारकूनसाहेब! बऱ्याच दिवसांनी! वर आहे, डबा खातोय."

मी सांगितलं. तो चावता चावता थांबला ते ऐकू आलं.

"इथलं काम कधी संपतंय?" मी विचारलं.

"शुक्रवारी. सोमवारी नवी साइट." त्याने डब्याचं झाकण लावलेलं ऐकू आलं. "म्हणजे सोमवारी?"

"सोमवारी गेटवर अडवतील."

"मग मी काय करायचं, साहेब?"

एकतीस वर्षं लोक मला हेच विचारायचे. कुठला अर्ज, कुठली खिडकी, सोबत काय जोडायचं, मी वर न बघता सांगायचो. आता मी वहीच्या समासाकडे बघत बसलो.

बहिणीने फोन आपल्याकडे ओढला. "लांब्या, मी आहे."

"क्रेनवाली? तुझाही गेला?"

"गेला." मग तिने विचारलं, "वारा किती आहे?"

"आहे थोडा. चालण्यासारखा."

"काय दिसतंय?"

"काय दिसणार? रोजचंच."

"सांग ना."

तो गोंधळला असावा. पण सांगू लागला. गच्च्या दिसतात. एका गच्चीवर चादरी वाळत घातल्यात, एक उडून पाण्याच्या टाकीला अडकलीय. शाळेचं मैदान, पोरं अजून बाहेर आलेली नाहीत. नदीवरच्या पुलाचं काम, तिथली पिवळी क्रेन आज बंद आहे. पलीकडे धूर की धुकं, कळत नाही. बहिणीने दोन्ही हात टेबलावर ठेवले होते आणि डोळे मिटून घेतले होते. तिच्या उजव्या हाताची बोटं किंचित पुढे-मागे होत होती. ती केबिनमध्ये दांडा धरायची तशी.

"आणि खाली?" तिने विचारलं.

"खाली माणसं. हेल्मेटं नुसती."

"बरं. जेव तू," ती म्हणाली. "शुक्रवारपर्यंत नीट बघून घे."

तिने फोन बंद केला, डोळे पुसले आणि वही माझ्याकडे सरकवली.

"पुढचा नंबर लाव," ती म्हणाली.